श्टुटगार्टचा शनिवार आणि पुण्याचा गुरुवार

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते गेली ११ वर्षे श्टुटगार्टमध्ये राहतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुलगी ८ वर्षांची आहे आणि पुण्यात कोथरूडला ७४ वर्षांची आई एकटी राहते. भारतात परतलेल्या त्यांच्या मित्रांपैकी एक जण म्हणतो की हे पाऊल याआधीच उचलायला हवे होते, तर दुसरा दीड वर्षात कंटाळून पुन्हा जर्मनीला गेला. तिथले आणि इथले रोजचे जगणे नेमके कुठे वेगळे पडते, हे गोड करून न सांगता सांगावे, अशी त्यांची विनंती आहे.

मी स्वतः नऊ वर्षे श्टुटगार्टजवळ राहून २०१३ मध्ये पुण्याला परतलो आणि तेव्हापासून परतणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रे यांबाबत सल्ला देण्याचेच काम करतो. या कामात मला सर्वांत जास्त वेळ एका चुकीच्या तुलनेवर घालवावा लागतो. लोक तिथल्या रस्त्यांची तुलना इथल्या माणसांशी करतात, किंवा तिथल्या एकटेपणाची इथल्या धुळीशी, आणि मग निर्णय होत नाही म्हणून हैराण होतात. त्यापेक्षा मी त्यांना एक साधा कामाचा दिवस तासातासाने लिहून काढायला सांगतो. पाणी कोणी भरले, भांडी कोणी घासली, मूल शाळेत कसे गेले, कचरा कुठे गेला आणि दिवसभरात किती जणांना फोन करावे लागले, एवढेच त्यात लिहायचे. अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या की बहुतेकांच्या बाबतीत एकच गोष्ट दिसते. जर्मनीत घरची बहुतेक कामे आपण स्वतः, कुठेतरी लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे करतो. पुण्यात ती कामे दुसरी माणसे करतात आणि त्या माणसांशी जमवून घेणे हे आपले काम होऊन बसते. दमणूक दोन्हीकडे आहे, पण परतलेला माणूस या दुसऱ्या कामाला काम म्हणून मोजतच नाही आणि मग संध्याकाळी आपण एवढे का थकलो, हे त्याला कळत नाही.

तुमच्या इमारतीत केरवोखे बहुधा असेलच. ज्या घराची पाळी असेल त्या घराच्या दाराला पाटी अडकवायची आणि त्या आठवड्यात त्या घराने जिना, प्रवेशद्वार आणि समोरचा पदपथ झाडायचा, ही श्वाबियातली, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या प्रदेशातली, जुनी पद्धत. पहिल्याच वर्षी एकदा मी पाळी विसरलो आणि रविवारी रात्री पाटी गुपचूप वरच्या मजल्यावर सरकवून दिली. सोमवारी सकाळी ती पुन्हा माझ्याच दारावर होती. तळमजल्यावरच्या आजी याबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत, आणि मला आणखी एक आठवडा जिना झाडावा लागला. पुढे काही वर्षांनी मी शस्त्रक्रियेसाठी दहा दिवस रुग्णालयात होतो, तेव्हा माझी पाळी त्यांनीच करून टाकली आणि त्याबद्दलही त्या काही बोलल्या नाहीत. नऊ वर्षे त्यांनी मला आडनावानेच हाक मारली. जर्मन माणूस कोरडा असतो, असे कोणी म्हणाले की मला हा प्रसंग आठवतो. मात्र हेही खरे की त्या आजींच्या घरात मी एकदाही पाय ठेवला नाही.

कचऱ्याचेच उदाहरण घ्या, कारण त्यात दोन्ही शहरांचा स्वभाव फार जवळून दिसतो. श्टुटगार्टमध्ये तुम्ही ओला कचरा, कागद, वेष्टने आणि उरलेला कचरा वेगळा ठेवता, काचेच्या बाटल्या पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या अशा रंगांप्रमाणे त्या-त्या टाकीत टाकता आणि रविवारी आवाज होतो म्हणून त्याही टाकत नाही. हा सगळा कचरा जो माणूस उचलून नेतो, त्याचा चेहरा तुम्ही पाहिलेला नसतो. पुण्यात ओला आणि सुका अशी विभागणी आहे आणि शहराच्या बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद, बहुतेक करून बायकाच, दारापर्यंत येऊन तो घेऊन जातात. परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या ताईंनी फुटलेला ग्लास सुक्या कचऱ्यात टाकल्याबद्दल मला जिन्यातच थांबवले आणि तर्जनीवरची चीर दाखवून म्हणाल्या, “काच कागदात गुंडाळून, वेगळी सांगून देत जा, साहेब. हात आमचा कापतो.” वर्गीकरणाचा नियम मी नऊ वर्षे माहितीपत्रक वाचून पाळला होता, इथे तो मला एका बोटावर वाचायला मिळाला. त्या दिवसापासून मी काच वेगळी देतो, पण त्याचबरोबर त्या ताईंच्या मुलीची दहावी, त्यांच्या घरच्या पाण्याची रड आणि दिवाळीचे पैसे हेही माझ्या दिनक्रमात आले. इथे काम माणसासकट येते ते असे.

आता नळाकडे वळू. श्टुटगार्टमध्ये स्वयंपाकघरातला नळ गळू लागला की घरमालकाला पत्र, मग कारागिराची वेळ, तीही अडीच-तीन आठवड्यांनंतरची, आणि त्या दिवशी सकाळी आठ ते बारा घरी थांबायचे. तो आठ वाजून पाच मिनिटांनी येतो. पुण्यात प्लंबर ‘आलोच’ म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी, तुम्ही बाहेर पडत असताना उगवतो, दहा मिनिटांत काम करून दोनशे रुपये घेतो आणि जाताना शेजाऱ्यांच्या गीझरचेही बघून जातो. माझ्याकडे आलेले बहुतेक परतलेले लोक या ‘आलोच’ला वेळ समजतात आणि चिडतात. ती वेळ नसते. तुमचे काम लक्षात आहे, दुसऱ्याला बोलावू नका, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि पुन्हा एक फोन करणे हे आपल्याकडे गृहीतच धरलेले असते. तसे पाहिले तर वक्तशीरपणाबद्दल फार हळवे होण्याचेही कारण नाही. तुमच्या गावातल्या मुख्य रेल्वे स्थानकाचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि त्याच्या उद्घाटनाची तारीख किती वेळा पुढे गेली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पाण्याचे मात्र खरेच लक्षात ठेवा. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तो वार बहुधा गुरुवार असतो, आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ ही ओळ तुम्हाला लवकरच तोंडपाठ होईल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत किती पाणी आहे, हे पुणेकर पावसाळ्यात क्रिकेटच्या धावसंख्येसारखे का विचारतात, हेही कळेल. बाणेर-बालेवाडीकडच्या अनेक नव्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च देखभाल शुल्कात येतो. म्हणून भाड्याने घर बघताना स्वयंपाकघराचा ओटा बघण्याआधी गेल्या मे महिन्यात किती टँकर आले, हे वॉचमनला विचारा. कार्यालयातला माणूस ते सांगणार नाही, वॉचमन सांगतो.

घरकामाबद्दल परतणाऱ्यांच्या डोक्यात एक चित्र असते की मावशी येतील आणि आपण मोकळे होऊ. मावशी येतातही. तुमचा श्टुटगार्टचा शनिवार आठवा: रविवारी दुकाने बंद म्हणून आठवड्याची खरेदी, बाटल्या परत करून प्रत्येकी २५ सेंट घेण्यासाठी यंत्रासमोरची रांग, मग खिडक्या, कपडे, इस्त्री. हे सगळे पुण्यात तुमच्या अंगावरून उतरते, आणि ते सुख खोटे नाही. पण साडेसातला केर-फरशीच्या मावशी, नऊला पोळ्यांच्या, मध्येच इस्त्रीवाला, दुधाच्या पिशव्यांचा हिशेब आणि गावाला जत्रा असल्यामुळे चार दिवसांची सुट्टी, ही सगळी वाहतूक कोणीतरी सांभाळावी लागते, आणि आपल्याकडे ती न विचारताच घरातल्या बाईकडे जाते. माझ्याकडे आलेल्या कुटुंबांत परत जाण्याचा विषय प्रथम पत्नीने काढला, असे बऱ्याचदा झाले आहे. जर्मनीत नवरा निमूटपणे भांडी लावत होता, इथे तोच नवरा आईसमोर चहाचा कप जागेवरच ठेवतो. त्यात हळदी-कुंकू, मुंज, बारसे आणि ‘आता इथेच आहात ना, मग यायलाच हवं’ असे आग्रह आले. मावशींचे पगार, त्यांच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा एक महिन्याचा जादा पगार हे खाते तुम्ही स्वतःकडे घ्या, ही माझी तुम्हाला अगदी स्पष्ट शिफारस आहे.

नोकरीबद्दल थोडक्यात सांगतो. जर्मनीत कायद्यानेच पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवसांची भरपगारी रजा आहे, बऱ्याच कंपन्या ३० देतात आणि ती रजा घेतली म्हणून कोणी तोंड वाकडे करत नाही. पुण्यात तुम्ही त्याच जर्मन कंपनीच्या इथल्या शाखेत आलात तरी तिकडची दुपार म्हणजे तुमची संध्याकाळ, त्यामुळे रात्री आठचा कॉल चुकत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतरचा जो वेळ तिथे मुलीचा होता, तो इथे आपोआप मिळत नाही. नोकरीच्या मुलाखतीतच त्याबद्दल बोलून घ्यावे लागते.

आवाजाच्या बाबतीत एक गंमत आहे. शांततेचे तास दोन्हीकडे सारखेच आहेत, रात्री १० ते सकाळी ६. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही घातली आहे, आणि सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. कागदावर फरक जवळजवळ नाही. प्रत्यक्षात गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि म्हात्रे पुलाजवळ घर असेल तर रोज संध्याकाळी ते ताल तुमच्या दिवाणखान्यात असतात. पहिल्या वर्षी मी खिडक्या लावून घेत होतो. तिसऱ्या वर्षी माझा मुलगा एका पथकात ताशा वाजवायला गेला, त्यामुळे या विषयावर माझे मत आता निःपक्षपाती राहिलेले नाही.

तुमच्या मुलीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत मोठा बदल तिच्या वाट्याला येणार आहे आणि तिला कोणी विचारलेले नसते. ती सध्या बहुधा एकटी किंवा मैत्रिणींबरोबर चालत शाळेत जात असेल; तिथल्या शाळा पालकांनी गाडीने दारापर्यंत सोडू नये, असेच सांगतात. दप्तरावर चकचकणाऱ्या पट्ट्या, रस्ता ओलांडताना हात पुढे करणे, ट्रॅमच्या वेळा, हे तिने कमावलेले आहे. पुण्यात आल्या दिवशी हे सगळे तिच्याकडून काढून घेतले जाते. इथे ती व्हॅनने जाईल, समोरचे दुकान रस्त्यापलीकडे असेल तर तिथेही तिला कोणी एकटे पाठवणार नाही, आणि तुम्हीही पाठवू नये, कारण वाहनांच्या या गर्दीत तिने हात पुढे केला तरी कोणी थांबणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला हा अपमान वाटतो. एका कुटुंबातला मुलगा महिनाभर रोज आईला विचारत होता, “मी परत लहान झालो का?” मोठ्यांनी ते हसण्यावारी नेले, पण त्याच्या दृष्टीने तो प्रश्न अगदी रास्त होता.

त्याच्या बदल्यात तिला जे मिळते तेही तितकेच खरे आहे. जर्मनीत मैत्रिणीकडे खेळायला जायचे तर आयांनी आठवडाभर आधी दिवस आणि वेळ ठरवायची असते. इथे संध्याकाळी सहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा-वीस मुले न बोलावता जमतात, सहा वर्षांचे आणि बारा वर्षांचे एकाच खेळात असतात, भांडण होते, कोणीतरी रडत वर जाते आणि दहा मिनिटांत परत येते. म्हणून घर निवडताना मुले खाली खेळतात का, हे संध्याकाळी स्वतः जाऊन पाहा आणि शक्यतो कुंपणाच्या आत सायकल फिरवता येईल अशी सोसायटी घ्या. तिच्या स्वातंत्र्याचा तेवढा तुकडा तरी शाबूत राहील.

शाळेच्या वेळापत्रकाचा मेळ आधीच घालावा लागतो. तुमच्याकडे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, इथे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर आणि केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये उघडतात. त्यामुळे तिथली इयत्ता पूर्ण करून जुलैअखेर निघालात तर इथले पहिले दोन-चार महिने बुडालेले असतात. ती इयत्ता अर्धी सोडून मार्च ते मे या काळात येणे मला अधिक सोयीचे वाटते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, म्हणून ती घरी मराठी बोलत असली तरी देवनागरी वाचन आजपासूनच रोज वीस मिनिटे सुरू करा. मराठी आकडे तिला वाटते तितके जड जाणार नाहीत, कारण जर्मनसारखेच आपणही ‘एक आणि वीस’ असेच, एकक आधी म्हणतो. फक्त एकोणतीस-एकोणचाळीस इथे ती अडखळेल. पाढे मात्र तिथे दहापर्यंत असतात आणि इथे वीसपर्यंत विचारतील. शिवाय जर्मनीत १ हा सर्वांत चांगला शेरा असतो. वीसपैकी एकोणीस मिळाल्यावर एक गुण कुठे गेला, असे विचारणाऱ्या वर्गात ती पहिल्यांदाच बसणार आहे, तेव्हा निदान तुम्ही तरी विचारू नका.

आईंबद्दल लिहिताना मी थोडा कठोर होणार आहे. त्या तुमची वाट पाहत बसल्या आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. माझ्या अनुभवात एकट्या राहणाऱ्या पुण्यातल्या आईचा दिवस सहसा भरलेला असतो: सकाळची टेकडी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, रात्रीच्या मालिका. त्यात तीन माणसे आणि त्यांची जर्मन न्याहारी शिरली की गैरसोय त्यांचीही होते आणि त्या बोलत नाहीत. एकाच छपराखाली राहण्यापेक्षा चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर घर घ्या. डबा आणि किल्ली दोन्हीकडे जाते-येते आणि कुरबुरी कमी होतात. वैद्यकीय बाबतीत पुणे तुम्हाला सुखद धक्का देईल. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला तिथे आठवडे जातात. इथे त्याच संध्याकाळी नंबर लागतो आणि रक्त न्यायला प्रयोगशाळेचा माणूस घरी येतो. पण फाइल तुम्हालाच सांभाळावी लागते, आणि तिथल्या सरकारी व्यवस्थेच्या विम्यासारखे पगारातून कापून सगळे आपोआप होत नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी इथल्या विम्यात जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून तुमच्या तिघांची इथली पॉलिसी परतण्याआधीच सुरू करा. आईंसाठी ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान भारतचे कार्ड काढून ठेवा आणि जवळचे कोणते रुग्णालय त्या योजनेत आहे, ते आधीच बघून ठेवा.

पैशाच्या गोष्टी सनदी लेखापालाशी बोला, मी फक्त दिशा दाखवतो. मागच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असलेल्या माणसाला परतल्यावर साधारण दोन वर्षे ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) हा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथे कर लागत नाही. त्यानंतर मात्र तिथली खाती आणि गुंतवणूक विवरणपत्रात दाखवावीच लागते. परतल्यावर बँकेला कळवून एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे, खाते बदलून घ्या, बरेच जण हे विसरतात. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे पाच वर्षांहून जास्त भरलेले तुमचे निवृत्तिवेतन पुढे इथे राहूनही मिळू शकते. त्याचा विमा क्रमांक असलेली पत्रे सामानाच्या पेटीत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.

अंतिम निर्णयाआधी सहा आठवडे पुण्यात राहून बघा, पण डिसेंबरमध्ये नव्हे. डिसेंबरमध्ये पुणे पाहुण्यांशी जसे वागते तसे तुमच्याशी वागेल. तिथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या भर पावसात या, आईंकडे न उतरता भाड्याच्या घरात राहा, गॅस, इंटरनेट आणि मावशी स्वतः लावा आणि निदान दोन गुरुवार पाण्याविना काढा. आणि निघण्यापूर्वी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन एक गोष्ट लेखी मिळवा. तुमच्याकडे कायम निवासाचा परवाना असेल तर सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, असलेल्यांना बारा महिन्यांची मुदत असते आणि कारण देऊन ती वाढवून मागता येते. दीड वर्षात परत गेलेल्या तुमच्या मित्राने ही चौकशी केली होती का, ते त्याला विचारा. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी ती केली नव्हती, त्यांना पुन्हा व्हिसाच्या रांगेत पहिल्यापासून उभे राहावे लागले.